फाटकापासून दारापर्यंत बारा

१४ ऑक्टोबर, बुधवार

काल संध्याकाळी स्वतःच्या अंगणात पडलो. न पिता. फाटकापासून दारापर्यंत सोळा पावलांची फरशी आहे, चोवीस वर्षं तिच्यावरून जातोय-येतोय, आणि काल पाय कडेवरून घसरला नि मी मातीत आडवा. ही धावत आली. "अहो, काय झालं?" म्हटलं, चपलेचा अंगठा तुटला. तिने चप्पल उचलून बघितली. अंगठा शाबूत होता. तिने चप्पल जागेवर ठेवली.

खरं कारण या वहीत लिहितो, वही कुणाला सांगायला जायची नाही. मला फरशीची कड दिसली नाही. उजेड उतरला की माझ्यासाठी कडा नाहीशा होतात. समोरचं नीट दिसतं, आजूबाजूचं गायब. नळीतून बघावं तसं.

आणि मी बस चालवतो. मोज्यांच्या कारखान्यातल्या चाळीस बायकांना पहाटे अंधारात घेऊन जातो आणि संध्याकाळी अंधार पडता पडता आणून सोडतो. आमची सूनबाईही त्याच बसने जाते. मेअखेर निवृत्त होणार. साडेसात महिने काढायचे आहेत, बस्स.

१८ ऑक्टोबर, रविवार

नर्सरीत गेलो. नर्सरीवाल्या बाईंना म्हटलं, संध्याकाळी उठून दिसेल असं काही द्या, पण दणकट हवं, लाड करायला मला वेळ नाही. त्यांनी लॅव्हेंडर दाखवलं. पानं रुपेरी, राख फासल्यासारखी. पान चोळलं तर बोटाला तासभर वास राहतो. "याला मरायला फक्त तुमची माया लागते," बाई म्हणाल्या. "खत घालू नका, पाणी बेताने, ऊन भरपूर. मातीत खडी आणि वाळू मिसळा. आणि छाटणी करताना खालच्या लाकडी दांड्याला हात लावू नका, तिथून परत फुटत नाही."

बारा रोपं आणली. फरशीच्या डाव्या कडेला सहा, उजव्या कडेला सहा. पाऊण दिवस खणत होतो. पाठीचा पार भुगा झाला. ही पायरीवर बसून देखरेख करत होती. "तुम्हाला कधीपासून वासाची हौस आली? लग्नात मी गजरा घातला होता तर शिंका देत होता." मी म्हटलं, म्हातारपणी माणसाला हौस येते. नातीने, आमच्या भुंग्याने (सारखी गुणगुणते म्हणून भुंगा, वय वर्षं चार), एकेका रोपाला नमस्कार केला आणि तिसऱ्याचं पान खाऊन थुंकलं.

दिवे लागायच्या वेळी फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो. दोन्ही बाजूंना रुपेरी ठिपके. मोजले. बारा. फरशी आपोआप मधे आली. जिवात जीव आला.

आता रोज कामावरून आल्यावर फाटकाशी उभं राहून मोजायचं आणि इथे आकडा लिहायचा. जोवर बारा आहेत तोवर मी ठीक आहे.

२ नोव्हेंबर, सोमवार

बारा.

सूनबाई बोलते फार. आधी ती मागे मैत्रिणींत बसायची. एप्रिलपासून माझ्या शेजारच्या सीटवर मुक्काम ठोकलाय. मागे बसलं की मळमळतं म्हणे. बसलीस तर गप बस ना बाई! पहाटे साडेपाचपासून तिची टकळी सुरू. "बाबा, तो सायकलवाला बघा, अंधारात कसा निघालाय, दिवा नाही काही नाही." "बाबा, ते डावीकडचं कुत्रं किती वाळलंय." "अय्या, रस्ता खणलाय की हो इथे, काल नव्हता." कारखान्यात सूनबाई दिवसभर मोज्यांच्या जोड्या लावते, डावा-उजवा, लहान-मोठा, एक धागा इकडचा तिकडे झाला तर तिला दिसतो. तिथे बोलायला बंदी आहे, म्हणून सगळी भडास माझ्या कानात ओतते. डोकं उठतं. आज मी चिडून म्हटलं, "तुला श्वास घ्यायला कधी वेळ मिळतो?" ती हसली आणि म्हणाली, "बाबा, पुढे दोघी बायका रस्ता ओलांडतायत."

११ नोव्हेंबर, बुधवार

वार्षिक तपासणी झाली. रात्रभर झोप नव्हती. डेपोच्या खोलीत झगझगीत दिवा, भिंतीवर अक्षरांचा तक्ता. बसा म्हणाले, वाचा म्हणाले. शेवटची ओळ घडाघडा वाचली. डेपोचे साहेब म्हणाले, "वा, तरण्या पोरांना लाजवाल!" पास.

म्हणजे मी खोटं बोललो नाही. त्यांनी जे विचारलं ते मला दिसलं. अंधारात बाजूचं दिसतं का, असं कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, ते मला लिहायचं नाही.

माझ्या वडिलांनाही मधलं दिसायचं, बराच काळ. मग तेही गेलं. अकरा वर्षं ते खिडकीजवळच्या एका खुर्चीत बसून होते. खुर्चीपासून मोरीपर्यंत आईने दोरी बांधली होती, ती धरून जायचे. उत्तम सुतार होते. शेवटी शेवटी आलेल्या माणसाला विचारायचे, "उजेड आहे का हो बाहेर?" मला मरणाची भीती वाटत नाही. त्या खुर्चीची वाटते. हातपाय धडधाकट असताना दोरी धरून मोरीत जायचं, याची वाटते.

बारा.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

हिने दाराबाहेर मोठा दिवा लावलाय. वीज जाळायची हौस. अंगणातला पाटा, बादली, भुंग्याची तीनचाकी, सगळं कुठेतरी हलवलंय. विचारलं तर म्हणते, "आवरलं. घर आवरलेलं चालत नाही का तुम्हाला?"

गेल्या एप्रिलचं एक आठवतंय. तिसऱ्या स्टॉपवर जाड चष्म्याची मावशी उभी होती आणि मी थेट पुढे गेलो. बायकांनी आरडाओरडा केला तेव्हा थांबलो. काळं स्वेटर घालून अंधारात खांबासारखी उभी राहिली तर कुणाला दिसणार? मी तिलाच झापलं. दुसऱ्या दिवसापासून ती पांढरी पिशवी हातात धरून उभी राहते. शहाणी बाई.

बारा.

२ डिसेंबर, बुधवार

हिने घात केला. मी सांगून सांगून थकलो, पाणी बेताने, बेताने. ही आणि भुंगा रोज दुपारी तांब्याने पाजत होत्या. दारापासची दोन रोपं बसली. बुंधे काळे पडलेत, हात लावला तर लिबलिबीत. ही म्हणते, "मुळं कुजलीत, काढून टाकते." मी म्हटलं, हात लावू नकोस, रविवारी मी बघतो, वाचली तर वाचली. नर्सरीवाल्या बाई मायेबद्दल बोलल्या होत्या ते उगाच नाही.

बारा. बसलेली दोन धरून.

५ डिसेंबर, शनिवार

बारा.

८ डिसेंबर, मंगळवार

येताना दगडखाणीच्या वळणावर सूनबाई एकदम ओरडली, "बाबा, ट्रॉली!" ब्रेक मारला. समोर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी, मागे लाल दिवा नाही, काही नाही. दोन हातांवर. बायका पुढच्या सीटवर आदळल्या. कुणाला लागलं नाही. सगळ्यांनी ट्रॅक्टरवाल्याला यथेच्छ शिव्या दिल्या. मीही दिल्या, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

घरी आल्यावर हात खिशातून काढलेच नाहीत. जेवताना काढावे लागले. हिने वाढता वाढता पाहिलं आणि वाटी माझ्या हाताच्या अगदी जवळ सरकवली.

बारा.

१३ डिसेंबर, रविवार

उजेडात अंगणात गेलो. दहा आहेत.

पुन्हा मोजली. डावीकडे पाच, उजवीकडे पाच. दारापासच्या दोन्ही जागा सपाट, माती दाबलेली. हिला हाक मारली. "अगं, ती दोन कधी काढलीस?" "तुम्हाला बोलले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी. म्हटलं ना कुजलीत म्हणून. बाकीच्यांना लागण झाली असती."

गुरुवारी. तीन तारखेला. आज तेरा. पहाटे अंधारात निघतो, अंधारात येतो, गेला रविवार सगळा लग्नाला गेला, म्हणून उजेडात अंगण पाहिलंच नव्हतं. पण संध्याकाळी रोज फाटकाशी उभं राहून मोजलं. रोज लिहिलं. मागची पानं उलटून पाहिली. बारा, बारा, बारा. माझ्याच अक्षरात.

म्हणजे मी डोळ्यांनी मोजतच नव्हतो. कधीपासून? ऑक्टोबरमध्ये तरी दिसत होती का? पाचावर धारण बसली आहे. रस्ताही मी असाच पाहत असेन तर? खांब, वळणं, स्टॉप, सगळं पाठ आहे मला. पाठ असलेलं दिसतं. पाठ नसलेलं?

थकवा असेल. थंडीत डोळ्यांना पाणी येतं. ही विचारत होती, "काय झालं, एवढे पांढरे का पडलात? दोन रोपंच तर होती." म्हटलं, महाग होती.

२२ डिसेंबर, मंगळवार

रजा टाकली. घरी सांगितलं, नर्सरीत चाललोय. गेलो डोळ्यांच्या डॉक्टरकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे मला कुणी ओळखत नाही. डॉक्टरीणबाई तरुण, आमच्या सूनबाईच्या वयाच्या. एका घुमटासारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं. "ठिपका दिसला की बटण दाबा." मी वाट बघत बसलो. बराच वेळ ठिपका आला नाही. मला वाटलं, यंत्र बिघडलंय. मग लक्षात आलं, ठिपके येत असणार. मी घाबरून उगाचच बटण दाबत सुटलो. बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, अंदाजाने दाबू नका."

मग कागदावर एक चित्र दाखवलं. सगळं काळं, मधे वाटाण्याएवढं पांढरं. ते पांढरं म्हणजे माझी नजर. "घरात कुणाला होतं?" म्हटलं, वडिलांना. "काम काय करता?"

मी म्हटलं, "माळीकाम."

का म्हटलं कोण जाणे. हाताच्या नखांत माती होती, त्यांना खरंही वाटलं. त्या म्हणाल्या, "मग ठीक. उन्हात टोपी घाला. पण वाहन अजिबात चालवायचं नाही. सायकलसुद्धा नाही. दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे, कळलं ना?" मी मान हलवली. कागद घडी घालून खिशात ठेवला आणि वाटेत पुलावरून खाली टाकला.

उद्या ड्यूटी आहे. जाणार आहे. पाच महिने आणि नऊ दिवस. देवा, मला लाज वाटते आणि मी जाणार आहे.

११ जानेवारी, सोमवार

आज काय झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर मी उद्या त्याला वेगळा रंग देईन.

सूनबाई तापाने फणफणली होती. तरी उठून शाल गुंडाळून दारात आली. "मी येते, बसूनच तर जायचंय." हिने तिला हाताला धरून आत नेलं आणि मला म्हणाली, "तुम्हीही रजा टाका आज." "मला काय धाड भरलीय?" असं म्हणून निघालो. ही फाटकापर्यंत मागे आली. असं ती कधी करत नाही.

पहाटेचा काळोख, वर धुकं. पहिल्या स्टॉपवर बायका चढल्या. बस चालू केली आणि दोन मिनिटांत काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. इंजिन ठीक होतं. मग कळलं, शेजारची सीट रिकामी आहे आणि कुणी बोलत नाहीये. रस्ता नुसता काळा. कोणी सायकलवाला नाही, कुत्रं नाही, खणलेला खड्डा नाही. रोज असतात ते सगळे आजच कुठे गेले?

असतात. आजही असणार. एवढं सुचलं. तरी गाडी चालूच होती.

दुसरा स्टॉप गेला. मागून ओरडल्या, "अहो ड्रायव्हरदादा, स्टॉप!" तिसऱ्यावर पांढरी पिशवी दिसली, थांबलो. घाम असा सुटला की स्टिअरिंग हातातून निसटत होतं. दगडखाणीच्या वळणावर खण्णकन आवाज झाला आणि डावा आरसा गेला. थांबलो, उतरलो. लोखंडी पाइपांची हातगाडी होती, पाइप बाहेर आलेले, आरसा त्यांना लागला. मी हातगाडीभोवती हात लावत फिरत होतो तेवढ्यात अगदी कानाशी आवाज आला, "दादा, मी इथे उभा होतो हो." हातगाडीवाला. माझ्यापासून एका हातावर. मला तो तेव्हाही दिसला नव्हता. तो रागावला नव्हता, त्याचे दात वाजत होते. "चाक माझ्या पायाला घासून गेलं," म्हणाला.

बसमध्ये चढलो. किल्ली फिरवायला हात गेला आणि फिरवता आली नाही. काढून घेतली. आतला दिवा लावला आणि बायकांकडे तोंड करून उभा राहिलो. म्हटलं, "मला दिसत नाही."

कुणी तरी हसलं. मला चेष्टा करायची सवय आहे, त्यांना वाटलं असेल चेष्टाच.

"खरंच सांगतो. अंधारात मला रस्ता दिसत नाही. उतरा सगळ्या."

जाड चष्म्याची मावशी पहिल्या रांगेत होती. तिने विचारलं, "आज?"

"रोज," मी म्हटलं.

एकेक करून माझ्या समोरून उतरल्या. मोबाइलचे दिवे लावले आणि रांगेने, रस्त्याच्या कडेकडेने, कारखान्याकडे चालत निघाल्या. त्यातल्या निम्म्या जणी मला वर्षानुवर्षं उतरताना "येते दादा" म्हणतात. आज एकीनेही म्हटलं नाही. मावशी सर्वांत शेवटी उतरली. पायरीवर थांबून म्हणाली, "म्हणून तुमची सून सारखी बोलत असते होय."

मी रिकाम्या बसमध्ये उजाडेपर्यंत बसलो.

१२ जानेवारी, मंगळवार

डेपोत सगळं सांगितलं. साहेब आधी ओरडले, मग त्यांनीच पाणी दिलं. चौकशी होईल. होऊ दे. किल्ली, बिल्ला, लॉगबुक जमा केलं. बाहेर पडताना माझा मीच पायरी चुकलो. दिवसाढवळ्या.

घरी येऊन सूनबाईच्या खोलीच्या दाराशी उभा राहिलो. ताप उतरला होता. भुंगा तिच्या पायांवर झोपला होता, ही उशाशी. दोघींनाही विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

हिने भुंग्याचं पांघरूण सारखं केलं. सूनबाई म्हणाली, "मावशींना तुम्ही स्टॉपवर सोडून गेलात ना, त्या दिवसापासून."

माझा तोल गेला. नऊ महिने! सांगायचं नाही? मला सांगायचं नाही तर डेपोत सांगायचं! "चाळीस बायका होत्या गाडीत, चाळीस! काही झालं असतं म्हणजे?"

"एकेचाळीस," ती म्हणाली. "मी पण होते, बाबा."

ही म्हणाली, "तिला बोलू नका. मीच म्हटलं होतं. तुम्ही त्या खुर्चीच्या गोष्टी झोपेत बोलता. म्हटलं, मेपर्यंत निभावून नेऊ, माणूस मानाने घरी येईल." आणि रडायला लागली.

सूनबाई रडली नाही. उठून बसली, शाल नीट केली. म्हणाली, "रोज निघताना भुंग्याचे दोन पापे घ्यायचे मी. एक रोजचा. दुसरा कशासाठी ते आईंनाही नाही सांगितलं." मग म्हणाली, "बाबा, एक विचारू? मी पुढे बसले नसते तर तुम्ही चालवायचं थांबला असता का?"

इतक्या दिवसांत कुणी सरळ विचारलं नव्हतं. तोंडावर आलं होतं, हो, थांबलो असतो.

"नाही," मी म्हटलं. "नसतो थांबलो."

तिने मान हलवली. तिला तेही माहीत होतं.

१५ जानेवारी, शुक्रवार

आज सूनबाई कामावर गेली. नवा ड्रायव्हर आलाय, कुणी तरी तिशीतला. मी पडल्या पडल्या बसचा आवाज ऐकला, गिअर जरा उशिरा टाकतो.

दिवसभर अंगणात होतो. वाळलेले शेंडे खुडले, वरवरचेच.

संध्याकाळी ती आली. हिने विचारलं, "कसा आहे गं नवीन माणूस? नीट चालवतो का?"

"काय माहीत," सूनबाई चपला काढत म्हणाली. "मी बसले आणि मला झोपच लागली. गेटवर पोहोचल्यावर उठवलं मला सगळ्यांनी. येतानाही तसंच. एवढी गाढ, आई, की लाळ गळत होती." आणि खो-खो हसली. भुंगाही हसला. हीसुद्धा हसली.

मी उठून मागच्या दारी गेलो आणि तोंडात रुमाल कोंबून रडलो. ही मागोमाग आली, तिने पाहिलं. पाहू दे.